सुरातली थरथर

आधीच सांगते, मला गाता येत नाही. पेटीही वाजवता येत नाही. शाळा चौथीपर्यंत झाली आणि त्या शाळेत गाण्याचा तास नव्हता. तरी कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या दुकानात बसून मी तीसेक वर्षं पेट्यांचे सूर लावले. त्या पेट्यांवर पुष्कळांनी वाहवा मिळवली. सूर कुणी लावलेत हे बरीच वर्षं त्यांना माहीत नव्हतं. का नव्हतं, तेही पुढे येईल.

या अंकाच्या संपादक बाई म्हणाल्या, गाण्यातलं काही न कळणाऱ्यालाही समजेल असं लिहा. मी म्हटलं, मलाही तेवढंच कळतं. त्यांना वाटलं मी नम्रपणाने बोलते आहे. नम्रपणा माझ्यात नाही. मला जे कळतं ते खरंच एवढंच आहे, ते आधी सांगून टाकते.

पेटी म्हणजे हार्मोनियम. तिच्या आत पितळेच्या लहान लहान पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टीला एक चीर आणि त्या चिरेत एक पातळ जीभ. भात्याची हवा आली की जीभ हलते आणि आवाज निघतो. आम्ही धंद्यातली माणसं त्या पितळी पट्टीलाच सूर म्हणतो. 'दोन सूर गेलेत' म्हणजे दोन पट्ट्या बदलायच्या आहेत. चांगला माल गुजरातेतून, पालिताण्याहून येतो. जिभेच्या टोकाला कानशीने घासलं की आवाज चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. एवढ्या विद्येवर माझा संसार झाला.

सा रे ग म प ध नी हे सात. पुढचा सा आला की पुन्हा पहिल्यापासून, पण वरच्या मजल्यावर. अशा एका मजल्याला सप्तक म्हणतात. पेटीला साधारण तीन मजले, खालचा, मधला आणि वरचा. वरच्याला तार सप्तक म्हणतात. सातांच्या मधे चार कोमल आणि एक तीव्र, असे पाच स्वर आणखी बसतात. म्हणून पेटीवर एका मजल्यात बोटाने दाबायच्या सात पांढऱ्या आणि पाच काळ्या असतात. आपला सा कुठे धरायचा ते ज्याचं त्याने ठरवायचं. गडी माणूस काळी एकवर, म्हणजे पहिल्या काळीवर गातो, बायका काळी चार, काळी पाचवर. यालाही पट्टी म्हणतात, पितळेच्या पट्टीशी तिचा संबंध नाही.

आता ऑर्केस्ट्रा. नव्वदच्या सुमाराला आमच्याकडे ऑर्केस्ट्रांचा जोर होता. व्हायोलिनला चार तारा, पिळून पाहिजे तिथे नेता येतात. क्लॅरिनेट आणि ट्रंपेट यांचं घर काळी पाचला असतं, सॅक्सोफोनचं बहुतेक काळी दोनला, त्यामुळे ही वाजवणारी माणसं सारखी डोक्यात हिशेब करत असतात. तरी फुंकणाऱ्याला ओठ आवळून आवाज केसभर वर नेता येतो, ढिला सोडून खाली आणता येतो. ढोलकी, काँगो यांचं चामडं ताणून घेता येतं. पेटीला यातलं काही नाही. तिची जीभ जिथे घासली तिथेच ती बोलते. म्हणून सगळे पेटीकडे येतात. कार्यक्रमाआधी सगळे पेटीला विचारतात, सूर दे. पेटी कुणाला काही विचारत नाही.

दोन सूर एकदम वाजवा. जुळले नसतील तर आवाज थरथरतो, उकळत्या पातेल्यावरचं झाकण हलावं तसा. जुळत आले की थरथर मंद होते. जुळले की थांबते. थरथर थांबली की सूर लागला. लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे लक्षात ठेवा.

आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, लाकडाचे आणि भात्याचे पक्के कारागीर. क्लॅरिनेटच्या भोकांवरच्या गाद्या बदलाव्यात, ट्रंपेटचा पोचा काढावा तर त्यांनीच. पण कान नव्हता. सासरे शिकवून शिकवून थकले. एकदा दोघे बाप-लेक एकाच सुरावर बराच वेळ अडले होते आणि मी आत भाकरी थापत होते. मी आतून म्हणाले, "अजून हलतंय की."

सासरे आत आले. "काय हलतंय?"

"आवाज."

त्यांनी बाहेर जाऊन जिभेला आणखी एक हात मारला. "आता?"

"आता न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कानस माझ्या हातात दिली. पण बाईने सूर लावलेली पेटी भजनी मंडळं घेणार नाहीत, असं त्यांचं मत होतं. म्हणून दुकानाच्या मागच्या भागात पोत्याचा पडदा लागला आणि मी त्याच्या आड बसले. गिऱ्हाईक म्हणायचं, मिस्त्री, तुमचा कान म्हणजे कान. मालक मान हलवायचे. सासरे गेले तरी पडदा राहिला. मला त्याचं काही वाटलं नाही असं लिहिलं तर खोटं होईल. पण आडोशाला एक सोय असते. नाव होत नाही, आणि चूक झाली तरी तीही तिथेच राहते.

गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची यायची. कोडोलीचं एक भजनी मंडळ पेटी घेऊन आलं. भाता हलवला की कुणी बोट न लावता पेटी बोलायची. त्यांच्यातले एक म्हातारे टाळकरी दुकानात पाऊल टाकेनात, समोरच्या पायरीवर उभे राहिले. मी पेटी उघडली तर आत कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं आणि त्याने एका सुरावरचं झाकण उचलून धरलं होतं. माती खरवडून काढली, पेटी गप्प झाली.

म्हाताऱ्यांनी तिथूनच विचारलं, "गेलं का ते?"

मी पडद्याआडून म्हणाले, "गेलं."

"कुठं गेलं?"

"तुमच्याच बाजूला उडून गेलं."

मालक दिवसभर माझ्यावर चिडले होते. म्हातारे मात्र पुढे दरवर्षी पेटी घेऊन आमच्याकडेच आले, आणि दरवर्षी पायरीवरच थांबले.

कान जायला लागला तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. दुकानात भिंतीवर घड्याळ होतं. एक दिवस ते बंद पडलं असं वाटून मी त्याला चावी दिली, पुन्हा दिली, आणि आतली कमान तुटली. मालक म्हणाले, "चालत्या घड्याळाला कोण चावी देतं गं?"

मालक आंघोळीला गेल्यावर त्यांचं मनगटी घड्याळ उचलून डाव्या कानाला लावलं. काही नाही. उजव्या कानाला लावलं, टिकटिक होती. त्या दिवसापासून रोज सकाळी तीच परीक्षा. आधी घड्याळ कानापासून वीतभर लांब धरलं तरी ऐकू यायचं. मग चार बोटं. मग दोन. मग कानाला टेकवावं लागलं. मालक आंघोळ करून यायच्या आत घड्याळ जागेवर ठेवायचं, आणि दिवसभर कुणी हळू बोललं की त्याच्या तोंडाकडे बघायचं.

डॉक्टरांकडे गेले नाही. डॉक्टर काय म्हणतील ते मला माहीत होतं. मालकांना सांगितलं नाही. सगळं दुकान या एका कानावर उभं होतं, आणि तो माझा आहे हे लोकांना माहीतच नव्हतं. जे आहे हे कुणाला ठाऊक नाही, ते गेलं असं कुणाला सांगणार? भजनी मंडळाची पेटी आली की बरं वाटायचं, त्यांचं काम बहुतेक खालच्या आणि मधल्या मजल्यावर. तार सप्तकाचं काम आलं की हाताला घाम सुटायचा. एका पावसाळ्यात माझी कानस मुठीशी गंजली, ती त्या घामाने.

त्याच सुमाराला महानंदा आमच्याकडे यायला लागली. एकोणीस वर्षांची पोरगी, जयसिंगपूरच्या मल्लाप्पा शेटची मुलगी. त्यांचं भुसार मालाचं दुकान. घरी कानडी, बाहेर मराठी. कोल्हापुरात गाणं शिकायला एसटीने यायची, आणि दिनकररावांनी तिला आपल्या ऑर्केस्ट्रात घेतलं होतं. दिनकरराव स्वतः पेटी आणि अ‍ॅकॉर्डियन वाजवायचे. त्यांच्या तालमीची खोली आमच्या दुकानाला लागून होती. तालमीआधी ही आमच्याकडे बसायची. पडदा बाजूला करून सरळ आत येणारी ती पहिली.

"अक्का, सूर तुमी लावतासा व्हय? मिस्त्री न्हाई?"

"कुणाला सांगू नको."

"न्हाई सांगत. पण मला दाखवायचं."

मी तिला थरथर ऐकायला शिकवलं. तिचा कान माझ्या चांगल्या दिवसांतल्या कानासारखा होता. मला ते आवडायचं, आणि तिची भीतीही वाटायची. तिच्यासमोर मी वरचे सूर हातात घेत नसे.

मल्लाप्पा शेटना पोरीचं स्टेजवर गाणं पसंत नव्हतं. शेवटी त्यांनी एक अट घातली. जयसिंगपुरात व्यापाऱ्यांचा मेळावा होणार होता, त्यात दिनकररावांचा ऑर्केस्ट्रा ठरला होता. तिथे आपल्या सगळ्या माणसांसमोर गा. चांगलं झालं तर पुढे गा. हसं झालं तर गाणं बंद. महानंदाने हे मला हसत हसत सांगितलं. ती अजिबात घाबरलेली नव्हती.

मेळाव्याच्या आधी तीन दिवस दिनकररावांची पेटी आमच्याकडे आली. भाता फाटला होता आणि तार सप्तकातले सहा सूर गेले होते. मालकांनी भाता केला. सहा नवे सूर मी बसवले. उजवा कान पेटीच्या लाकडाला चिकटवून बसले. पहिल्याची थरथर ऐकू आली, घासत गेले, थांबली. दुसऱ्याची आली, थांबली. तिसऱ्याची येते आहे असं वाटलं. चौथा, पाचवा, सहावा वाजवले तर थरथर नव्हतीच. मला वाटलं, या खेपेचा माल जुळूनच आलाय. सवयीने टोकाला एकेकदा कानस फिरवली आणि पेटी बंद केली.

नाही, मला तसं वाटलं नव्हतं. मला तसं वाटून घ्यायचं होतं.

दिनकरराव मेळाव्याच्या दिवशी सकाळीच टेम्पो घेऊन आले. पेटीवर हात फिरवला, वर गेले, थांबले. "वैनी, वरच्या सुरात जरा झिलई आल्यागत वाटतीया." अ‍ॅकॉर्डियनमध्ये मुद्दाम थोडी थरथर ठेवतात, आवाज चमकतो. त्यांना वाटलं तसंच काही केलं असावं. "मिस्त्रींनी केलंय न्हवं?"

"मिस्त्रींनीच केलंय."

"मग बघायचंच न्हाई." आणि पेटी टेम्पोत चढली.

कार्यक्रम दुपारी चारला होता, एका मंगल कार्यालयात. मालक आणि मीही गेलो होतो. मी बायकांत बसले. महानंदाची पहिली दोन गाणी मधल्या सप्तकातली होती, ती व्यवस्थित झाली. बायका माना डोलवत होत्या. तिसरा अभंग. काळी चार पट्टी, आणि शेवटाकडे तो चढत चढत तार सप्तकाच्या सा वर जायचा, तिथेच थांबायचा.

ती वर गेली. पुढे काय झालं ते मी ऐकलं नाही, पाहिलं. टीव्हीचा आवाज कमी केल्यावर माणसं दिसतात तशी. पुढच्या रांगेतल्या दोन व्यापाऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. एका बाईने तोंडाला पदर लावला. महानंदाने डाव्या कानावर पंजा ठेवला, आपलाच आवाज नीट ऐकू यावा म्हणून गाणारी माणसं ठेवतात तसा. दिनकरराव तिच्याकडे बघून तेच बोट पुन्हा पुन्हा दाबू लागले, हा सूर आहे, इकडे ये, असं. क्लॅरिनेटवाला शिवा डोळे मिटून, गाल ताणून वाजवत होता. तिने पुन्हा प्रयत्न केला. पंजा आणखी घट्ट दाबला. मागच्या बाजूला पोरं उभी राहून चेष्टेने हात हलवत होती.

शेजारची बाई माझ्या उजव्या बाजूला होती म्हणून तिचं ऐकू आलं. "वर गेली की उतरतीया पोरगी."

पेटी चढी असली तर बरोबर गाणारा उतरल्यासारखा वाटतो. हे मला समजत होतं. तरी मी मनाशी म्हणाले, नाही, पोरगी घाबरली असेल. अभंग संपला. मल्लाप्पा शेट उठून मागच्या दाराने स्टेजकडे गेले आणि तिला हाताला धरून घरी घेऊन गेले.

आठ दिवसांनी ती आली. पडदा बाजूला करून नेहमीच्या जागेवर बसली.

"अक्का, एक विचारू? खरं सांगायचं."

"विचार."

"माणसाचा कान बिघडतो का हो? म्हंजे आपल्याला वाटतंय सुरात हाय, आणि नसतंयच. असं हुतं का?"

मी कानस खाली ठेवली.

"मला सारखं वाटालतं, पेटीच वर हाय. दिनकरकाकांना म्हटलं, तर म्हणाले, पेटी मिस्त्रींनी लावलीया, ती कशी चुकंल? मला तर ठावं हाय, पेटी तुमी लावलीसा. तुमी चुकत न्हाई. म्हंजे मीच की." ती पायाच्या अंगठ्याकडे बघत बोलत होती. "आता मला कशाचीच खात्री वाटत न्हाई. देवळातली घंटा ऐकली तरी वाटतंय, ही बरोबर हाय का मी? अप्पा येत्या रविवारी दिनकरकाकांना येऊन सांगणार हायत, आता बास म्हणून."

मी काय म्हणाले, ते लिहायलाच हा लेख घेतला आहे. मी म्हणाले, "पाणी पी."

ती पाणी प्याली आणि गेली.

त्याच आठवड्यात शिवा क्लॅरिनेटच्या गाद्या बदलायला आला. तो शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत फिटर होता, दिवसा कारखाना आणि सुट्टीला क्लॅरिनेट. मालक बाहेर गेले होते, मी पुढे बसले होते. त्याने काहीतरी विचारलं, मी काहीतरी उत्तर दिलं. तो माझ्याकडे बघत राहिला.

"वैनी, मी इचारलं मालक कधी येणार. तुमी म्हणतासा मंगळवार पेठ."

"माझं लक्ष नव्हतं."

"लक्ष हाय तुमचं. माझ्या तोंडाकडंच बघायला लागलायसा. आमच्या फौंड्रीत सगळी तशीच बघत्यात. कान गेलेला माणूस मला लांबनं वळखू येतो."

मी म्हटलं, कुणाला सांगू नकोस. त्याने खिशातून पेचकस काढला. मला वाटलं गाद्या दाखवतोय.

"मशिनीचं बेअरिंग गेलंय का बघायचं तर आमी कानानं ऐकत न्हाई. त्या गोंगाटात काय ऐकू येणार? पेचकसाचं टोक बेअरिंगला टेकवायचं आणि मूठ दातात धरायची. आत वाळूचा खडा असला तरी डोक्यात वाजतोय. बघा करून." पेचकस माझ्यासमोर ठेवून तो जायला उठला, आणि दारात वळला. "त्या दिवशी जयसिंगपुरात मीबी चढत गेलो बघा, वठ आवळून आवळून. मला वाटलं माझीच पत्ती ओली झालीया." क्लॅरिनेटच्या तोंडाला बोरूसारखी एक पातळ पत्ती असते, ती फार भिजली की आवाज बिघडतो. "पेटी चुकंल असं डोक्यातच आलं न्हाई."

म्हणजे पेटी चढी, क्लॅरिनेटही तिच्यामागे चढलं, आणि खरी गाणारी पोरगी एकटी पडली. प्रत्येकाला वाटलं आपलंच चुकतंय. पोरीलाही. फक्त जिचं चुकलं होतं ती पदर सावरून बायकांत बसली होती.

भात्याचा एक खिळा ढिला आहे असं सांगून मी मालकांना दिनकररावांची पेटी आणायला लावली. पडद्याआड बसले. पेचकसाचं टोक सुरांच्या फळीला टेकवलं, मूठ दाढेखाली धरली. मधल्या मजल्यावरचा एक स्वर आणि वरच्या मजल्यावरचा तोच स्वर, असे दोन एकदम दाबले.

आवाज कानातून आला नाही. जबड्यातून वर चढून डोक्यात आला, लख्ख, दहा वर्षांपूर्वी यायचा तसा. मला आधी आनंद झाला. हे सांगायला लाज वाटते, पण आधी आनंदच झाला, ऐकू येतंय म्हणून. मग कळलं काय ऐकू येतंय. तिसरा थरथरत होता. चौथा जोरात. पाचवा. सहावा तर भाजणीची गिरणी चालावी तसा.

मालकांना सगळं सांगितलं. कानाचंही. ते बराच वेळ भात्याच्या चामड्यावर बोट फिरवत बसले.

"आता नीट कर आणि गप बस. कुणाला कळणार हाय?"

"पोरीचं काय?"

"पुढच्या टायमाला सुरात गाईल की."

पण पुढची वेळ नव्हतीच. रविवार परवावर आला होता. आणि गुपचूप नीट केली असती, तर पेटी बरोबरच होती आणि पोरगी चुकली असं कायमचं ठरलं असतं.

मी पेटीला हात लावला नाही. शनिवारी सकाळी तशीच ती गुंडाळली आणि जयसिंगपूरला जायला निघाले. मालक म्हणाले, "दुकान बुडवायला तू निघालीस, आणि ओझं मी उचलायचं व्हय?" आणि उचललं. एसटीत ते पेटी मांडीवर घेऊन बसले, तिकीट काढताना तेवढे बोलले. मला सगळ्या रस्त्यात वाटत होतं, गाडी बंद पडली तर बरं.

मल्लाप्पा शेट दुकानात होते. शाळूची पोती उतरत होती. "या पावणं," म्हणाले. मी बसले नाही. बसले असते तर बोलता आलं नसतं.

"शेट, त्या दिवशी तुमची पोरगी बेसूर गायली न्हाई. पेटी बेसूर होती. ती मी लावली होती."

"मिस्त्री लावत्यात की."

"न्हाई. पहिल्यापासून मीच लावते. आणि मला ऐकू येत न्हाई."

पोती उतरवणारे हमाल थांबले. शेटनी मालकांकडे बघितलं. मालक पेटीकडे बघत होते.

"म्हंजे," शेट सावकाश म्हणाले, "बहिऱ्या माणसानं लावलेली पेटी माझ्या पोरीच्या पुढं ठेवलासा, आणि आमच्या सगळ्या लोकांत तिचं हसं केलासा."

"व्हय."

दुसरं काय म्हणणार? त्यांनी पोरीला हाक मारली. महानंदा आतून आली, पेटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तिला सगळं कळलं. मी तिला दोन्ही सा दाबायला सांगितले. शेट म्हणाले, मला यातलं काय कळत न्हाई. मी पेचकस पुसून त्यांच्या हातात दिला. त्यांनी आधी हमालांकडे बघितलं, मग मूठ दातात धरली.

"हलतंय," ते पेचकसासकट म्हणाले. "एसटीगत हलतंय."

मी शाळूच्या पोत्यावर बसून तो सूर बाहेर काढला, जिभेच्या मुळाशी घासला, परत बसवला. हलतंय का? हलतंय. पुन्हा काढला. आता? कमी झालंय. चौथ्या खेपेला शेटनी पेचकस दातातून काढला आणि नुसतं बोट वर केलं. थांबलं होतं. महानंदाने अभंगाची ती शेवटची ओळ म्हटली, तार सा वर जाऊन थांबली. मी पेचकस धरून ऐकलं. आवाज आणि पेटी यांच्यात केसाएवढीही फट नव्हती.

शेटनी हमालांना पुन्हा कामाला लावलं. मग म्हणाले, "मला कळलं. पण त्या दिवशी हॉलात बसलेल्या सगळ्यांच्या दातात पेचकस कसा देऊ मी?"

मी पेटी गुंडाळायला घेतली.

निघताना महानंदा दारापर्यंत आली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "अक्का, त्या दिवशी मला पाणी दिलंसा तुमी."

रविवारी मल्लाप्पा शेट दिनकररावांकडे आले नाहीत. त्यालाच परवानगी समजायची होती. महानंदा पुढे पाच-सहा वर्षं दिनकररावांबरोबर गायली. मग कीबोर्ड आले, एका पेटाऱ्यात सगळी वाद्यं, सूर लावायची गरज नाही. ऑर्केस्ट्रेही संपले. आता ती मुलींना शिकवते. नाव चांगलं आहे तिचं. पण मी तिला नंतर अनेकदा गाताना पाहिलं. तार सा वर जायच्या आधी ती क्षणभर पेटीकडे बघते. पहिल्यांदा पडदा सारून आत आली त्या काळात ती कशाकडेच बघत नसे, सरळ वर जायची. ती नजर माझ्यामुळे आली. माझी भीती मी तिला देऊन टाकली आणि ती परत घेता येत नाही.

दिनकररावांनी वर्षभर पेटी दुसरीकडे नेली, मग परत आले. शनिवारी जयसिंगपुरात जे झालं ते सोमवारपर्यंत कोल्हापुरात सगळ्यांना माहीत होतं, तेव्हा पोत्याचा पडदा मालकांनीच काढला. मी पुढे, रस्त्याकडे तोंड करून, दातात पेचकस धरून बसू लागले. लोक बघायला थांबायचे. कोडोलीचे म्हातारे टाळकरीही थांबले, अर्थात पायरीवर. "मिस्त्रीनबाई, त्येला दातानं धरलंयसा काय आता?" म्हणाले. पुढे मी डॉक्टरांकडेही गेले. ते म्हणाले, कानातलं एक बारीक हाड आखडलंय, हवेतून आलेला आवाज आत जात नाही, पण कवटीतून आलेला जातो. शिवा फिटरने ते फुकटात सांगितलं होतं.

त्यानंतर मी कामाची पद्धत बदलली. कुठलाही सूर जुळलेला वाटला तरी तसा सोडत नाही. आधी मुद्दाम बिघडवते, थरथर स्वतः ऐकते, मग ती थांबवते. वेळ दुप्पट लागतो. पण थरथर नाही आणि थरथर ऐकू येत नाही, या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. मी एकदा फसले आहे.

आता मालक नाहीत. काम थोडंच येतं, तेवढं करते. दिनकररावांच्या त्या पेटीतला सहावा सूर, तो गिरणीसारखा हलणारा, मी जयसिंगपूरहून आल्यावर बदलला आणि जुना नीट न करता जर्द्याच्या डबीत ठेवला. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी एक लागलेला सूर आणि तो, असे दोन तपासायच्या लहान पेटीत बसवते, पेचकस टेकवते, मूठ दाढेखाली धरते आणि भाता हलवते. ती दाढ हल्ली हलते. दातांचे डॉक्टर म्हणाले, काढून टाकू. मी म्हटलं, थांबा. भाता हलवल्यावर आवाज यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ मला रोज भीती वाटते. ज्या दिवशी त्या दोन सुरांत मला थरथर ऐकू येणार नाही, त्या दिवशी कानस ठेवून द्यायची, हे ठरलेलं आहे.

आज सकाळी ऐकू आली. मग दुकान उघडलं.